वरून दिसलेलं रान

मुखरूभाऊला रस्ता विचारला आणि तो ‘माईत नाई’ म्हणाला, असं अहेरीपासून खाली सिरोंच्यापर्यंत कोणी सांगून दाखवावं! तेंदूपानाचे ठेकेदार, निवडणुकीच्या पेट्या घेऊन निघालेले मास्तर, म्हशी हरवलेले गवळी, सगळ्यांना त्यानं वाट दाखवलेली. आता यात एक गोम आहे, ती आधीच सांगून टाकतो. वाट विचारणाऱ्याला ‘नाही माहीत’ म्हणायची आमच्या भागात रीतच नाही. माणूस दमून आलेला असतो, त्याला बरं वाटावं म्हणून ‘हे काय, इथीच तं आहे, नाल्यापल्याड’ म्हणायचं आणि हात लांब करायचा. मग ते ‘इथीच’ दिवस मावळेपर्यंत येईना का! मुखरूभाऊचं वेगळेपण एवढंच, की तो हात करायचा तिकडं गाव खरोखर निघायचं. धानाच्या चार बांध्या, एक बैलजोडी आणि हे नाव, एवढीच त्याची इस्टेट. बायको मागंच गेली होती. एकुलती एक पोरगी मयुरी, ती रानाच्या पोटात चिंतलटोल्याला दिलेली.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. त्या श्रावणात पाण्यानं असा काही उच्छाद मांडला की चिंतलटोल्याच्या चारी बाजूंचे नाले एक झाले आणि गावाचं बेट झालं. तिथल्या पोलीस ठाण्यातून अहेरीला वायरलेसवर निरोप आला. मयुरीचं पहिलं बाळंतपण, कळा येऊन थांबल्या आहेत, आणि सुईण म्हणते की हे माझ्या हातचं नाही, मोठा डॉक्टर पाहिजे. सुईण म्हणजे दुसरी कोणी नव्हे, मयुरीची सासू गिरजाबाई. पंचक्रोशीतली अर्धी पोरं तिच्या हातावर जन्मलेली.

निरोप ऐकून मुखरूभाऊच्या तोंडातून निघालं ते भलतंच. “काय बाप्पा, जन्म गेला बाईचा बाळंतपणं करण्यात, अन् माह्या पोरीच्या येळेस म्हणते हातचं नाई! असं म्हणते का कोणी?” काळजी झाली की त्याला राग यायचा, स्वभावच होता तो.

पुरासाठी म्हणून एक लहानसं हेलिकॉप्टर अहेरीच्या मैदानावर येऊन उभं होतं. तांदळाची पोती पोचवून येताना पोरीला घेऊन सरळ गडचिरोलीच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. तिथल्या साहेबांनी मुखरूभाऊला बोलावून सांगितलं, “ढग खाली आले आहेत, पुरानं रस्तेही दिसत नाहीत. तुम्ही पायलटशेजारी बसा आणि वाट दाखवा.” मुखरूभाऊनं मुंडासं घट्ट केलं आणि एका शब्दानं विचारलं नाही की वरून वाट दाखवायची म्हणजे कशी. विचारायचं कशाला? रान त्याचं, वाट त्याची, आणि पोरगीही त्याचीच.

पायलट निघाला आपल्याच मुलखातला. नदीम त्याचं नाव, चंद्रपूरचा, वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. मुखरूभाऊला त्यानं स्वतः पट्टा बांधून दिला, कानावर बोलायचं यंत्र चढवून दिलं आणि म्हणाला, “भाऊ, घाबरू नका. पोट जरासं खाली राहीन, बाकीचे आपण वर जाऊ.”

पोट खरंच खाली राहिलं. मुखरूभाऊनं डोळे मिटले ते प्राणहिता येईपर्यंत उघडले नाहीत. प्राणहिता मात्र त्यानं ओळखली. एवढं पाणी दुसऱ्या कोणाचं असणार? त्याला धीर आला. समोर घड्याळांच्या गर्दीत एक लहान डबा होता, त्याच्यावर बाण आणि आकडे.

“हा कायचा डब्बा, सायेब?”

“हा जागा सांगते. वर आकाशात उपग्रह फिरून राह्यले ना, त्यायचं ऐकून हा सांगते की आपण नेमके कुठी आहो. मागच्या निवडणुकीत चिंतलटोल्यात शाळेजवळ हेलिकॉप्टर उतरलं होतं. त्या जागेचे आकडे ह्याच्यात आहेत. बाण तिकडंच पाहून राह्यला.”

“म्हणजे ह्याले माह्या पोरीचं गाव माईत आहे?”

“गाव नाई माईत भाऊ. जागा माईत आहे. गाव ओळखाले तुम्ही आहात ना.”

मुखरूभाऊ मनात हसला. हाताएवढा डबा, न चाललेला, न ठेचाळलेला, आणि हा वाट सांगणार! पण पोरगा भला वाटला, म्हणून काही बोलला नाही.

नदी मागं पडली आणि ढग आणखी खाली उतरले. नदीमनं हेलिकॉप्टर खाली घेतलं, झाडांच्या शेंड्यांवरून नेऊ लागला. मुखरूभाऊनं खिडकीतून पाहिलं. हे रान त्याचं नव्हतंच. ज्या मोहाखाली दर वेळी बसून तंबाखू मळायची तो मोह कुठला? चढाव कुठे, उतार कुठे, पायाखाली मुरूम लागतो ती जागा कुठली? सगळं हिरवं, सगळं सपाट, मधेमधे मातकट पाणी. जन्मभर ज्याला तोंडासमोर पाहिलं त्या माणसाला आता नुसत्या डोक्याच्या भोवऱ्यावरून ओळखा म्हटल्यासारखं झालं. त्यानं दोन-तीनदा डोळे चोळले. उपयोग शून्य.

तेवढ्यात डब्यावर पिवळा दिवा लागला.

नदीमचा चेहरा बदलला. घाबरला नाही, पण त्यानं वेग कमी केला. “काय झालं, सायेब?” मुखरूभाऊनं विचारलं.

“डब्बा म्हणून राह्यला, माह्यावर आता भरवसा ठेवू नका. असं आहे भाऊ, ह्याले चार उपग्रह दिसले की हा जागा सांगते. पण त्या चारातला एखादा चुकीचं सांगत असला तं ह्याले कसं समजावं? पाचवा दिसला की बाकीच्यायची झडती घेता येते. आता चारच दिसून राह्यले. जागा सांगून राह्यला, पण जिम्मेदारी घ्याले तयार नाई.” मग तो मुखरूभाऊकडे वळला. “डब्बा म्हणते डावीकडे. आता तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तिकडं जाऊ.”

आणि मुखरूभाऊचा हात लांब झाला. उजवीकडे! त्याला विचाराल तर त्यानं तो केलाच नव्हता, हातानं आपल्या आपण केला. समोर एक काळसर टेकडी दिसत होती, चिंतलटोल्याच्या अलीकडे अशीच एक टेकडी आहे, एवढाच काय तो आधार. “हे काय, इथीच तं आहे,” असंही तोंडातून निघून गेलं. नदीमनं मान डोलावली आणि यंत्र उजवीकडे वळवलं.

“बरोबर सांगा हां, भाऊ. तेल मोजकं आहे. एकदा चुकलो तं परत अहेरीलेच जा लागते, अन् हे ढग पाहता आज दुसऱ्यांदा निघणं नाई होणार.”

टेकडी जवळ आली. चिंतलटोल्याच्या टेकडीच्या पायथ्याशी देवाचं ठाणं आहे, त्याच्या पांढऱ्या पताका लांबून दिसतात. इथे पताका नव्हत्या. बहुतेक पावसानं पडल्या असतील, मुखरूभाऊनं स्वतःची समजूत घातली. टेकडी मागं पडली. पलीकडे गाव हवं होतं, पलीकडे पाणीच पाणी होतं. गाव थोडं पुढं असेल. वरून अंतर समजत नाही. असेल, पुढंच असेल.

शेजारच्या नदीमकडे त्यानं पाहिलं. त्याचं सगळं लक्ष मुखरूभाऊच्या हाताकडे. हा शिकलेला पोरगा, लाखोंचं यंत्र हाताळणारा, एका शब्दानंही शंका न घेता आपल्या बोटामागं चालला आहे, हे मुखरूभाऊला दिसलं. कोणी शंका घेतली असती तर बरं झालं असतं! भांडता तरी आलं असतं. त्याला मयुरी दिसली, खाटेवर पडलेली, आभाळाकडे कान लावलेली. आणि तिचा बाप इथे आभाळात बसून, तोंड राखण्यासाठी, तिच्यापासून दूर दूर चालला होता.

बोलू की नको, बोलू की नको, असं चाललं होतं त्याचं. अख्ख्या जन्मात न म्हटलेला शब्द. लहान डबा म्हणू शकतो तो शब्द!

“सायेब, थांबा.” त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. “मले समजून नाई राह्यलं. मले वरून काईच समजत नाई. ती टेकडी कोणती ते बी मले माईत नाई. मी असाच हात केला.”

आता हा ओरडणार, असं वाटून त्यानं खांदे आवळले. नदीमनं यंत्र हळूच मागं वळवलं. “बरं झालं सांगितलं, भाऊ,” तो म्हणाला. “लवकर सांगितलं.” बस्स, एवढंच.

आले त्याच दिशेनं थोडं मागं जाऊन त्यानं एका उघड्या माळावर यंत्र उतरवलं आणि तेल वाचावं म्हणून इंजिन बंद केलं. एकदम एवढी शांतता झाली की पानांवरून ठिबकणारं पाणी ऐकू येऊ लागलं. मुखरूभाऊ उतावीळ झाला. “इथी काऊन थांबलो? पोरगी तिकडं...”

“वरचे फिरत असतात, भाऊ. पाचवा उगवू द्या. एक खाली गेला की दुसरा वर येते. आता निघालो तं अंदाजानं जा लागीन. तुमचा अंदाज पाह्यला, माहाही तसाच आहे.” मग जरा थांबून म्हणाला, “आमचे अब्बा घड्याळं दुरुस्त करतात. बंद पडलेल्या घड्याळाचं त्यायले काई वाटत नाई. जे चालून राह्यलं अन् चुकीचं दाखवून राह्यलं, त्याची मात्र लय चीड येते त्यायले.”

मुखरूभाऊची मान खाली गेली. टोमणा नव्हता तो, पण लागला. खाली उतरून तो चिखलात उभा राहिला. पाय जमिनीला लागताच त्याला कळलं की ही चोपणाची जमीन आहे, वारा नाल्याकडून येतोय, जवळपास बेहड्याची झाडं आहेत. इथून पायी सोडलं असतं तर चिंतलटोला त्यानं डोळे बांधून गाठला असता. पण मधे पूर होता. जे येत होतं ते इथे कामाचं नव्हतं, आणि जे कामाचं होतं ते येत नव्हतं. एवढा लाचार तो कधी झाला नव्हता. त्यानं टेकडीच्या देवाला हात जोडले, मग आभाळाकडे पाहून, काय म्हणावं ते न सुचून, पाचव्यालाही जोडले. “ये रे बाप्पा, लवकर ये.”

नदीम आत डब्याकडे पाहत बसला होता. त्यानं बिस्किटाचा पुडा पुढं केला, मुखरूभाऊनं नको म्हटलं. पुन्हा पुढं केला, तेव्हा एक घेतलं आणि हातातच धरून ठेवलं. पावसानं त्याचा लगदा झाला.

“चला!” नदीमची हाक आली. “विझला दिवा! सहा दिसून राह्यले आता.”

या खेपेला मुखरूभाऊनं दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. चुकून लांब व्हायला नकोत. बाण दाखवत होता तिकडे नदीम जात होता, ढग अंगावर येत होते, खाली रान होतं का पाणी तेही धड दिसत नव्हतं. अंतराचे आकडे कमी कमी होत गेले. आणि ढगाच्या एका फटीतून खाली कौलं दिसली, चिंचेचं झाड दिसलं, शाळेचं पटांगण दिसलं आणि त्यात धावणारी माणसं दिसली. डब्यानं त्यांना अगदी पटांगणात आणून सोडलं होतं. मुखरूभाऊ रडायलाच लागला. गाव ओळखायचं काम होतं त्याच्याकडे, तेही नीट झालं नाही, कारण डोळ्यांत पाणी होतं.

खाली उतरतो न उतरतो तोच गावानं त्याला घेरलं. जावई निकेशनं चिखलातच पाय धरले. “मामाजी, तुम्ही होते म्हणून आले हे लोक! नाई तं ह्या ढगात कोण येते?” पाच-पंचवीस तोंडांतून तेच. मुखरूभाऊनं वाट दाखवली, मुखरूभाऊनं हेलिकॉप्टर आणलं. त्यानं काही सांगायला तोंड उघडलं, पण पोती उतरवायची घाई होती, आणि खरं सांगायचं तर त्याला ते ऐकायला गोडही लागत होतं. कोणाला नाही लागत?

मयुरीला खाटेवरून आणलं. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले. मागच्या बाकावर तिला निजवलं की मागं कोणाला जागा उरत नव्हती. पुढची एक जागा होती, पायलटशेजारची. नदीम म्हणाला, “सोबत एकच माणूस. लवकर ठरवा.” गिरजाबाई पदर खोचून पुढं झाली, तेवढ्यात मयुरीनं बापाचा हात धरला.

“बाबा, तुम्ही बसा संगं. ढगात रस्ता चुकला तं? तुम्हाले माईत आहे रस्ता. तुम्ही असले की मले भेव नाई वाटत.”

गिरजाबाईचा पाय जागीच थांबला. ती व्याह्यासाठी एक पाऊल मागं सरली. “बसा, इवाई. पोट्टी भेली आहे. तिले धीर पाह्यजे.” निकेशही म्हणाला, “हाव मामाजी, तुम्हीच बसा.” गावाचंही तेच मत पडलं. वाटाड्याशिवाय कोणी निघतं का?

आणि मुखरूभाऊला बसायचं होतं हो! त्याची एकुलती एक पोरगी, तिचा हात त्याच्या हातात. नुसतं चढून बसलं की झालं. पोरगी निर्धास्त, गाव खुश, नाव शाबूत. नदीम तर काही बोलणार नव्हता. तो समोर पाहत बसला होता, जणू त्यानं काही ऐकलंच नाही.

मुखरूभाऊनं पोरीचा हात सोडवला नाही, पण आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. “मयुरी, मले वरून रस्ता माईत नाई, माय. येताना बी नव्हता माईत. मी चुकीच्या बाजूले हात केला होता, ह्या सायबाले भलतीकडंच घेऊन चाललो होतो. आणलं ते ह्यायनं अन् त्या डब्ब्यानं. तुले रस्ता डब्बा दाखवीन. अन् कळा आल्या तं काय करा लागते, ते मले बिलकुल माईत नाई. ते तुह्या सासूले माईत आहे.”

निकेश खाली पाहू लागला, सासऱ्याची लाज त्यालाच वाटली बहुतेक. मयुरी बापाकडे बघत राहिली, तिला हा माणूस नवाच होता. मुखरूभाऊचे कान तापून लाल झाले. पण त्यानं विहिणीला, गिरजाबाईला म्हटलं, “बसा, ईनबाई. येळ नका घालवू.” गिरजाबाई चढली. दार लागलं. पंख्याच्या वाऱ्यानं सगळ्यांचे डोळे मिटले आणि उघडले तेव्हा ढगात नुसता आवाज उरला होता.

त्या दिवशी कोणी त्याच्याशी फारसं बोललं नाही. त्यानंही कोणाला बोलावलं नाही. शाळेच्या पायरीवर बसून राहिला. ठाण्यातला वायरलेस पावसानं बंद पडला होता, त्यामुळं विचारायचं कोणाला? मनात नको नको ते यायचं आणि तो स्वतःलाच शिव्या घालायचा. पोरीनं तोंडानं मागितलं, आणि आपण गेलो नाही. बाप म्हणावं का याला?

दुसऱ्या दिवशी ढग जरा वर गेले आणि तांदूळ घेऊन हेलिकॉप्टर आलं. पोत्यांच्या आधी गिरजाबाई उतरली. मुखरूभाऊ उठला, पण पुढं जायची हिंमत होईना. तीच चिखल तुडवत त्याच्याकडे आली.

“पोरगी झाली, इवाई. मयुरी बरी आहे, दवाखान्यात आहे, दूध पाजून राह्यली.” मग तिनं पदरानं तोंड पुसलं. “पण दवाखाना कुठला! आभाळातच झाली. वर गेलो अन् थांबलेल्या कळा धडाधडा सुरू. मी पुढून मागं कशी वळली ते माह्या मलेच माईत. अन् नाळ गळ्याभोवती, एक नाई, दोन येढे. निळी पडली होती हो पोट्टी. मले वाटलं, गेली. मी नाळ सोडवली, तोंड साफ केलं, पाठीवर चापट मारली, तवा कुठी रडली. डॉक्टर म्हणाले, तिथपर्यंत थांबली असती तं वाचली नसती, जे झालं ते वरच झालं.”

तिनं मुखरूभाऊकडे पाहिलं. “माह्या जागी तुम्ही बसले असते, तं...”

मुखरूभाऊ मटकन खाली बसला, चिखलातच. काल रात्रभर आवरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. लहान पोरासारखा तो ओक्साबोक्शी रडला, आणि निकेश येऊन शेजारी बसला तरी थांबला नाही. गिरजाबाईनं त्याला रडू दिलं. मग हळूच विचारलं, “इवाई, एवढी पोट्टी बोलावून राह्यली होती, अख्खं गाव बसा म्हणून राह्यलं होतं. तुम्हाले नाई म्हणणं सुचलं तरी कसं?”

मुखरूभाऊनं मुंडाशाच्या टोकानं नाक पुसलं.

“सुचलं कायचं, ईनबाई! तिकडं वर एकदा ‘माईत नाई’ म्हणून पाह्यलं होतं. मले वाटलं होतं मरून जाईन. नाई मेलो. मंग इथी दुसऱ्यांदा म्हणाले काय जाते?”